आठव्या दिवसाची नोंद

दादाच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा वैद्यकीय ग्रंथालयात काम करणाऱ्या त्याच्या बहिणीने भर दुपारी सगळा कॅटलॉग पिंजून काढला.

एकच नोंद सापडली. साठ वर्षांपूर्वीच्या एका रुग्णाचा अहवाल.

तिने तो कपाटातून काढला. ‘आठव्या दिवशी रुग्णाची बोटं बधिर झाली,’ असं त्यात लिहिलं होतं. दादाचा आज आठवा दिवस होता. तिने घाईघाईने घरी फोन लावला.

“सकाळपासून बोटं बधिर आहेत म्हणतोय,” आई म्हणाली. “तुला कुणी सांगितलं?”

तिची नजर पुढच्या ओळीवर गेली. ‘त्याच दुपारी बहिणीचा फोन आला. रुग्ण आईच्या मागे उभा होता.’

“आई, दादा कुठे आहे?”

“आत पडलाय गं. कूस बदलायचंही त्राण नाही त्याच्यात.”

फोनमध्ये, आईच्या अगदी जवळ, कुणीतरी श्वास घेतला.