कुलूपवाल्याचा खांदा

“बाई, तुमच्या रक्तात पुरुषी हार्मोन चौपट झालंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कसलं औषध घेता?”

“कसलंच नाही,” ती म्हणाली. शेजारी बसलेला तिचा नवरा, कुलूपवाला, पुन्हा दचकला. अजून सवय होत नव्हती. शब्द बायकोचे, आवाज गॅरेजमधल्या मेस्त्रीचा.

एके काळी हाच आवाज बसस्थानकावर गाड्या पुकारायचा. असा गोड, की लोक आपली गाडी सोडून पुढची घोषणा ऐकत बसायचे. एक गृहस्थ तर सासुरवाडीला पोचलेच नाहीत, आणि त्याबद्दल आजही तिला दुवा देतात. मग आवाज चिरकला, मग घोगरा झाला. शेवटी तिच्या जागी मशीन बसलं आणि तिला तिकीट खिडकीवर धाडलं. तिथे काचेपलीकडून लोक तिला “ओ भाऊ” म्हणतात.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून कुलूपवाल्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या अंगातला जोर गेला. बायकोला तोंड कसं दाखवायचं, म्हणून पाठीचं निमित्त करून तो अंथरूण घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. तिने ‘का’ म्हणून विचारलं नाही. त्याला वाटलं, सुटली बिचारी.

पुढे तो चोरून याच दवाखान्यात आला. इंजेक्शन म्हटलं, तर दंडाएवढी कुलपं फोडणारा हा गडी सुई बघूनच खुर्चीवरून घसरला. औषधाची पट्टी चिकटवली, तर कातडी भाजल्यासारखी लाल झाली. उरलं पुरुषी हार्मोनचं जेल. रोज आंघोळीनंतर खांद्याला चोळायचं.

“त्या जागेला, तिथल्या कपड्यालाही घरच्यांचा स्पर्श नको,” असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हा बजावलं होतं.

“माझ्या खांद्याला हात लावणारं आता आहे कोण?” म्हणून तो हसला होता.

अंगात जोर आला. उंबरा ओलांडून आत जायचा धीर मात्र त्या जेलमध्ये नव्हता.

“मी हिच्या जवळसुद्धा जात नाही हो,” तो आता म्हणाला. “शप्पथ.”

बायकोने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला.

“कामावरून आलात की बनियन काढून टाकता ना,” ती त्याच जाड आवाजात म्हणाली, “ते मी उशीला घालते. त्याशिवाय झोपच लागत नाही.”

नवऱ्याचा हात आपसूक स्वतःच्या खांद्यावर गेला.

“आवाज येईल ना परत?” कुलूपवाल्याने विचारलं.

“जेल बंद करा, इंजेक्शन घ्या. हिच्या रक्तातलं हार्मोन ओसरेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आवाज नाही यायचा.”

त्याने मुकाट्याने सुईसाठी बाही वर केली. गेलं वर्षभर ती रोज त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपत होती. खांदा तेवढा बाहेरच्या खोलीत होता.