अण्णांचा पहिला नंबर

ऑफिसच्या कार्बन बचत स्पर्धेत, म्हणजे सर्वात कमी वीज वापरण्याच्या स्पर्धेत, आमचे अण्णा पहिले आले. असो, आधी सुरुवातीपासून.

अण्णा बिनखिडकीच्या रेकॉर्ड रूममध्ये बसायचे. स्पर्धा सुरू झाली आणि साहेबांनी तिथला पंखाच काढून नेला.

"साहेब, जीव घुसमटतो हो."

"अण्णा, जरा पृथ्वीचा विचार करा!" एसी केबिनमध्ये स्वेटर घालून बसलेले साहेब म्हणाले.

उन्हाळ्यात एका दुपारी अण्णा खुर्चीतच गेले. स्पर्धेतून नाव काढायचं राहून गेलं, म्हणून त्यांचा कार्बन शून्य भरला.

आज नोटीस लागली:

'प्रथम पारितोषिक: टेबल फॅन. विजेत्याने स्वतः उपस्थित राहून, सही करून तो घेऊन जावा, ही नम्र विनंती.'