डोन्टला एस

“डोन्टला एस लागतो कधी? गाढव कुठले!” बाबा कडाडले. “साधं व्याकरण न येणाऱ्या कंपनीत तू क्रेन चालवणार? उद्या मुलाखतीला जायचं नाही. विषय संपला.”

मुलीने नुसता एक प्रश्न वाचून दाखवला होता. कंपनीने सरावासाठी मोबाइलवर पाठवलेला. ‘व्हॉट डॉन्ट्स यू?’ मधला शब्द तिला अडला होता. घरात इंग्रजी फक्त आपल्यालाच येतं, असं बाबांचं मत. त्यातही त्यांचा लाडका शब्द एकच. लहानपणी ती झाडावर चढली, डोन्ट. सायकल मागितली, डोन्ट. क्रेन शिकते म्हणाली, तेव्हा तर एका दमात कितीदा तरी डोन्ट. पाठीमागे ती त्यांना डोन्टसाहेबच म्हणायची. शेवटी भांडून, मावशीकडे राहून ती क्रेन शिकली. दहा मजल्यांच्या उंचीवर, केबिन वाऱ्याने हलत असतानाही तिला कधी भीती वाटली नाही. घरात मात्र बाबांचा आवाज चढला की ती अजून लहानपणीसारखी घाबरायची. त्याचीच तिला भयंकर चीड होती.

कोपऱ्यात आई मुलीच्या उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. बाबा बोलू लागले की आईने बोलायचं नाही, हे या घरात ठरलेलंच होतं.

“स्पेलिंग तरी बघा,” मुलगी म्हणाली. “डी, ए, यू, एन, टी. यात ए आहे, यू आहे. हा तुमचा डोन्ट नाही.”

“आता तू मला अक्कल शिकवणार?”

तिने शब्दावर बोट दाबून धरलं, अर्थ उघडला आणि मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. बाबांनी सवयीने मोठ्याने वाचलं, “घाबरवून सोडणे. धाक घालून एखाद्याचं... अवसान घालवणे.” शेवटचे शब्द जेमतेम ऐकू आले.

“मला हाय खायला लावणारं असं काय आहे, ते विचारतायत,” ती म्हणाली. “उंची नाही, वारा नाही. खरं उत्तर एकच आहे, बाबा. उद्या तुमचं नाव घेऊ?”

आईने इस्त्री उभी करून ठेवली.

“घे की,” आई म्हणाली. “माझ्याकडूनही घे.”