छत्तीस मीटर

मंडपाचा एक खांब, जरा तिरका.

मैदानावर रेघा मारायची फक्की, अर्धं पोतं.

पेंटरच्या डब्यात पांढरा रंग. वर साय धरलेली.

लाऊडस्पीकरवर कुणीतरी सकाळपासून हॅलो, हॅलो, चेक.

शाळेच्या विक्रमांच्या हिरव्या फलकावर एक ओळ : ८०० मीटर मुली, कु. अंजना, १९९७, २ मि. २९ से.

पन्नास मीटरची टेप. ती अजून कपाटात.

आठशेच्या शेवटच्या फेरीत समृद्धीनं रेघ ओलांडली आणि अंजना मॅडमनी घड्याळ दाबलं. दोन मिनिटं सव्वीस. पोरींनी असा गलका केला की मंडपवालेही शिडीवरून बघायला लागले. पेंटरनं सुद्धा ब्रश बुडवला. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून उद्या कार्यक्रम, पाहुणे फलकासमोर उभे राहून फोटो काढणार, आणि पेंटरला पाचला शिरूरला दुसरं काम.

"पूर्ण नाव सांगा," पेंटर म्हणाला. "आधीचं पुसतो."

समृद्धी गुडघ्यांवर हात टेकून हसत होती. भांडगावची पोरगी, दहावीतली. पुढच्या वर्षी या मैदानावर ती नसणार.

अंजना मॅडम हसल्या नाहीत. वीस वर्षं त्या इथं पीटी शिकवत होत्या, त्याआधी इथंच पळाल्या होत्या. समृद्धी पळताना तिसरं वळण लवकर आलं होतं. मॅडमच्या डोळ्यांना कळलं नव्हतं, इथं पळालेल्या पोटऱ्यांना कळलं होतं.

"थांबा जरा," त्या पेंटरला म्हणाल्या आणि टेप आणायला गेल्या.

टेपचं दुसरं टोक शिपाई हौशीराम मामांनी धरलं. पन्नास. पन्नास. पन्नास. चौथ्या वेळी एक्केचाळीसलाच फेरी संपली. दोनशेची फेरी, एकशे एक्याण्णव भरली.

"मामा, रेघ तुम्ही मारली?"

"व्हय बाई. मंडपवाल्यांनी हितं खांब रवला. पळताना पोरींना लागंल म्हणून रेघ आत घेतली थोडी."

"थोडी?"

"थोडीच की." मामांनी आवाज खाली आणला. "ऱ्हाऊ द्या आता. कुणाला ठावं हाय? तुमाला आन् मला."

चार फेऱ्या. छत्तीस मीटर कमी. छत्तीस मीटरला पोरीला सात सेकंद लागले असते. अंजनानं हिशेब केला, आणि तिला आत कुठंतरी बरं वाटलं. ते बरं वाटणं तिला अजिबात आवडलं नाही. ती तशीच उभी राहिली, टेप गुंडाळत, उलगडत, परत गुंडाळत.

गप्प बसलं तर पोरीचं नाव फलकावर, आणि ते खोटं. बोललं तर आपलं नाव फलकावर.

ती बोलली. समृद्धीला बाजूला घेऊन नाही, सगळ्यांसमोर, कारण बाजूला घेतलं असतं तर आणखी वाईट दिसलं असतं. रेघ चुकली, फेरी आखूड पडली, सुरुवात छत्तीस मीटर मागून करायची, परत पळायचं.

"परत?" समृद्धी म्हणाली.

"तासभर दम खा. पाणी पी. पेंटरदादा थांबतील."

"मी पाचला निघणार," पेंटर म्हणाला.

मागून एक पोरगी मुद्दाम मोठ्यानं बोलली, "मॅडमला सोताचं नाव पुसल्यालं बघवंना!" दोघी-तिघी फिस्स करून हसल्या. स्पीकर म्हणाला, हॅलो, चेक.

अंजनानं वळून पाहिलं नाही. कान मात्र तापले.

समृद्धीनं छातीवरचा चौदा नंबर नीट केला, पिना परत टोचल्या. मग मॅडमच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "पळते मी. पण एक. घड्याळ तुमच्या हातात नको."

अंजनानं गळ्यातली दोरी काढली आणि घड्याळ हौशीराम मामांना दिलं. कुठलं बटण दाबायचं ते दोनदा दाखवलं.

छत्तीस मीटर तिनं स्वतः मोजले. एक सेंटिमीटरही इकडंतिकडं नको म्हणून गुडघ्यांवर बसून. फक्कीची नवी रेघ मूठभर रुंद पडली, तर कडेची फक्की तिनं बोटानं सरकवली.

पावणेपाचला समृद्धी पळाली. पहिल्या दोन फेऱ्या रागानं. तिसरीत खांदे वर आले. चौथीत अंजना नकळत रेघेच्या कडेनं तिच्यासोबत चालायला लागली, मग धावायला, "हात खाली! हात खाली सोड, समू!" त्रेचाळीस वर्षांची बाई, साडीत, ओरडत. पोरी हसायच्या थांबल्या. या घडीला तिला खरंच आपलं नाव पुसलेलं हवं होतं.

हौशीराम मामांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं.

"दोन मिन्टं... बत्तीस."

पेंटरनं डब्यावर झाकण ठेवून वरून मूठ मारली आणि डबा मोटरसायकलला अडकवला.

समृद्धी जमिनीवर बसली होती. श्वास जागेवर आल्यावर तिनं एकेक पिन काढली, नंबराच्या कापडाची घडी घातली आणि मॅडमच्या हातात ठेवली.

"असू द्या, मॅडम. मोजलंय तर बरोबरच आसंल."

१९९७ साली शाळेत टेप नव्हती. तेव्हाचे पीटीचे बबनराव सर फेरी पावलांनी मोजायचे, आणि त्या वर्षी फक्कीचा डबा घेऊन, पावलं मोठ्यानं म्हणत, त्यांच्या मागून अंजनाच चालली होती.