शहाण्यासारखं वाग

अतिदक्षता विभागात तिसऱ्या रुग्णाच्या अंगातही तोच जंतू सापडला, आणि युनहुईची आई सकाळीच तिथल्या चार नंबरच्या खाटेवर आली होती.

च्यायी शहरातल्या त्या रुग्णालयात संसर्गावर नजर ठेवणं हेच युनहुईचं काम. जंतू असा निगरगट्ट, की एकाही औषधाला भीक घालत नव्हता. आईच्या हृदयाची झडप नुकतीच बदललेली, छातीवरचे टाके अजून ओले.

"ताई, आईला इथून हलवा," ती विभागाच्या मुख्य परिचारिका त्साय यांना म्हणाली.

"कुठं हलवू? माझ्या मांडीवर?"

मग युनहुईनं सगळ्यांना फैलावर घेतलं. नळ, खाटांचे कठडे, पडदे, फोन, सगळ्यांवरून तपासणीसाठी कापसाची काडी फिरवली. कर्मचाऱ्यांचे हातही सोडले नाहीत. डॉक्टर होंग वैतागले. "आता माझी जीभही पुसून ने."

"हात स्वच्छ निघाले तर जीभ सोडेन."

दोन नंबरच्या खाटेवरच्या रुग्णात जंतू सापडल्यावर त्याला वेगळ्या खोलीत नेलं होतं. त्याचा सलाईनचा पंप मागेच राहिला होता आणि पंपावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट. त्या खाऊचं नावच 'शहाण्यासारखं वाग'; ते ठेवलं की यंत्र तसं वागतं, अशी तिथं सगळ्यांची समजूत. पाकीट हिरवंच हवं, फोडायचं नाही, आणि मुदत संपण्याआधी बदलायचं. पाळीवर येणारा जो तो त्यावर थाप मारी. सफाईच्या मावशी ते अलगद उचलत, खालचं पुसत आणि पुन्हा जागेवर ठेवत.

त्साय ताईंनी त्यावरूनही काडी फिरवली. "घे बाई, तुझ्या मनात किंतू नको."

सगळे हसले. युनहुईसुद्धा हसली.

संध्याकाळी आईचा पंप सारखा ओरडू लागला.

"सगळ्यांची यंत्रं गप्प, माझंच बोंबलतंय," आई म्हणाली. "मला का नाही पाकीट?"

"आई, हे रुग्णालय आहे. देऊळ नाही."

"मग देवळात ने."

"दोनवरचं दे ना," त्साय ताई म्हणाल्या. "त्या पंपानं कधी हूं की चूं केलं नाही."

आईपुढे कुणाचं चाललंय? युनहुईनं पाकीट आणून आईच्या पंपावर ठेवलं, वर एक थापही मारली. पंप गप्प झाला.

"बघ! म्हातारीचं ऐकावं कधीतरी." आईनं छातीकडे बोट दाखवलं. "ही झडपही नवीनच आहे. हिलाही कुणी सांगायला हवं, नीट वाग म्हणून."

"तिला मी सांगते. तू झोप."

दोन दिवसांनी लॅबमधून वेईचा फोन आला.

"नळ, कठडे, पडदे, सगळं स्वच्छ. हातसुद्धा. अगदी होंग डॉक्टरांचेही."

युनहुईला हायसं वाटलं. "मग जंतू आहे तरी कुठं?"

"हसू नकोस हं. त्या खाऊच्या पाकिटावर. नुसता बुजबुजाट आहे."

फोन तसाच टाकून ती धावत सुटली.

आईच्या पंपावर काहीच नव्हतं.

आई गाढ झोपली होती. सदऱ्याची बटणं सोडून, पट्टीची कड उचकटून, तिनं ते हिरवं पाकीट दोन्ही हातांनी टाक्यांवर दाबून धरलं होतं.