लाडक्या पेनीचं थडगं

शेजारचा डेल्मर दर शनिवारी स्वतःच्या अंगणातलं गवत कापतो आणि न सांगता माझंही. आयोवाच्या माळावरच्या कोनफ्लॉवर या रानफुलाची मी भर उन्हात वाढवलेली रोपं त्याने दोन वर्षं तण समजून भुईसपाट केली. एवढ्या भल्या माणसाला बोलणार तरी काय?

जन्मात कुत्रं पाळलं नाही, पण यंदा मी त्या रोपांच्या वाफ्यात लाकडी क्रूस रोवला आणि वर लिहिलं, 'आमची लाडकी कुत्री पेनी'.

"अरेरे, आर्डिस! तुझी कुत्री कधी दिसली नाही गं!"

"फार लाजरी होती रे."

त्याने टोपी काढली, मशीन लांबून वळवून नेलं. जुलैत वाफा जांभळ्या फुलांनी गच्च भरला.

 

आज सकाळी बघते तर डेल्मरने एकूण एक फूल कापून, छान रिबीन बांधून, पेनीच्या थडग्यावर वाहिलंय.