लाल टोपी

"पुन्हा ब्रॅडी क्रीकवाल्याबरोबर?" कोच क्रूगरने विचारलं.

"पुन्हा," न्हावी म्हणाला. "हायवेवरच्या डायनरमध्ये, अगदी मागच्या टेबलावर. चेरी पाय खात होते दोघं. मी आत गेलो आणि तुझा अर्लो गप्पच झाला की! मान हलवू नकोस."

क्रूगरचे कान तापले. शनिवारी ब्रॅडी क्रीकशीच अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना होता. जिंकला तर कॉटनवुड कॉलेजला चषक आणि क्रूगरला पाच वर्षांचा करार. हरला तर रामराम. क्रीडाप्रमुख लिंडस्ट्रॉमबाईंनी हे हसतहसत सांगितलं होतं, पण सांगितलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी नेब्रास्कात दुसरं कोण विचारणार होतं त्याला?

आणि अशा वेळी त्याचाच असिस्टंट समोरच्यांच्या कोचबरोबर चेरी पाय खात होता.

तसा अर्लो पिकेट म्हणजे किस झाड की पत्ती. "असिस्टंट म्हणजे बर्गरमधलं लोणचं," क्रूगर नेहमी म्हणायचा. "नसलं तरी पोट भरतं."

सामन्यात मैदानाच्या कडेला दोघं असिस्टंट हातवारे करत. पांढऱ्या टोपीतला सेथ खुणांनी क्रूगरचा खरा डाव सांगायचा. लाल टोपीतला अर्लो नुसतेच हात नाचवायचा, समोरच्यांनी चक्रावून जावं म्हणून. बॉल फेकणारा टकर सेथकडे बघे. त्याच्यापुढे भिंत करून उभी राहणारी पाच धिप्पाड पोरं मात्र टकामका अर्लोकडे बघत. क्रूगरला याची फार गंमत वाटे. काय नाटक करतात बेटे! समोरचे फसणार नाहीत तर काय?

अर्लो नवा आला तेव्हा एकदाच म्हणाला होता, "कोच, आपल्या भिंतीबद्दल जरा बोलायचंय."

"तू हात हलव," क्रूगरने टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली होती. "विचार करायला मी आहे."

त्याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत क्रूगरचे डाव असे काही चालले, की पेपरवाले त्याला जादूगार म्हणू लागले. असल्या माणसाच्या पाठीत सुरा खुपसायचा म्हणजे हद्द झाली!

बुधवारी दुपारी क्रूगर न सांगता व्हिडिओच्या खोलीत शिरला. अर्लो एकटाच बसला होता. त्याने पटकन व्हिडिओ बंद केला.

"काय बघत होतास?"

"काही नाही, कोच. ब्रॅडी क्रीकचे जुने सामने."

"तुला काय करायचंय त्यांच्याशी?"

अर्लो हसला. "सवय."

क्रूगरला रात्रभर झोप लागली नाही. सेथच्या खुणा अर्लोला पाठ होत्या. त्या विकायला कितीसा वेळ लागतो?

गुरुवारी सकाळी त्याने अर्लोला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"किती दिले त्यांनी?"

अर्लोला आधी कळेचना. मग तो लालबुंद झाला. "त्यांनी नोकरी देऊ केली, कोच. दोनदा. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो."

"व्वा! आणि नाही म्हणायला चेरी पाय खावा लागतो?"

"तो माझ्या बायकोचा भाऊ आहे."

"मग तर प्रश्नच मिटला. सामान उचल. आणि शनिवारपर्यंत पोरांना नुसता फोन जरी केलास ना, तर वकील पाठवीन."

अर्लो दारापर्यंत गेला आणि थांबला.  "एक ऐका माझं. शनिवारी लाल टोपी कुणालाच घालू देऊ नका. तिथं कुणी उभंच राहायला नको. ती पोरं..."

क्रूगर खदाखदा हसला. चोर स्वतःच्या तोंडाने बोलला होता! खोट्या खुणा नसल्या म्हणजे खऱ्या वाचायला सोप्या.

"चालता हो," तो म्हणाला.

हेल्मेटं वाटणाऱ्या गसला त्याने लाल टोपी दिली. "मनाला येईल तसे हात हलव."

गस भलताच खूश झाला.

संध्याकाळी सरावाला भिंतीच्या मधला लेव्ही शुल्झ जवळ आला. "कोच, लाल टोपी गस घालणार म्हणे. खुणा त्याच ना?"

"त्याच. काहीही बदललेलं नाही."

"मग ठीक," लेव्ही म्हणाला.

शनिवारी स्टेडियम गच्च भरलं होतं. पहिल्याच डावात ब्रॅडी क्रीकचे तिघं मोकळ्या वाटेने आत घुसले आणि टकर आडवा झाला. दुसऱ्या डावात तेच. भिंत डावीकडे झुकली की ते उजवीकडून येत. गस कडेला पोल्का नाचावा तसे हात फिरवत होता. टकर चौथ्यांदा पडला तेव्हा त्याला दोघांनी धरून बाहेर आणलं.

मध्यंतराला ब्रॅडी क्रीकचे चोवीस, कॉटनवुडचे शून्य. लिंडस्ट्रॉमबाई वर काचेच्या खोलीत पाठ करून उभ्या होत्या.

"विकलं आपल्याला!" पोरांच्या कपडे बदलायच्या खोलीत शिरताच क्रूगर ओरडला. "त्या अर्लोने आपल्या सगळ्या खुणा विकल्या!"

 टकर खांद्यावर बर्फ धरून बसला होता. लेव्हीने हेल्मेट काढलं. त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

"कोच, त्यांना काही माहीत असेल असं वाटत नाही. गसचंच चुकतंय. तो डावीकडे दाखवतो आणि ते येतात उजवीकडून."

"गस काही दाखवत नाहीये, गाढवा! लाल टोपीला काही अर्थच नसतो! नुसते हात हलवायचे असतात!"

लेव्हीने बाकीच्या चौघांकडे बघितलं. मग क्रूगरकडे.

"मग ते कुठून घुसणार, हे दोन वर्षं आम्हाला कोण सांगत होतं?"